जुनं कौलारू घर घ्यायचं तर आधी पावसात बघा

दापोली तालुक्यातलं आमचं घर मी पहिल्यांदा पाहिलं ते २०२१च्या जुलैमध्ये. एक वर्षापूर्वी, ३ जून २०२०ला, निसर्ग वादळात त्याचं मागचं पाखं, म्हणजे छपराची मागची उतरती बाजू, अर्धं उडालं होतं आणि त्यावर निळी ताडपत्री बांधलेली होती. मालक ठाण्याला राहायचे. ते म्हणाले, "वहिनी, दिवाळीनंतर या, पाऊस थांबला की निवांत दाखवतो." मी म्हटलं, नाही, मला आताच बघायचंय. घरात तीन तास बसले. बाहेर धो धो पाऊस पडत होता आणि मी प्रत्येक खोलीत पाच-पाच मिनिटं नुसती उभी राहून पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून जातं ते वहीत लिहून घेत होते. पुढे दोन वर्षं पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, ते त्या वहीनेच ठरवलं.

मी डोंबिवलीत बावीस वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं. नवऱ्याने नोकरी संपल्यावर मिळालेल्या पैशातले काही आणि माझे काही असे मिळून बारा लाख आम्ही बाजूला काढले होते. त्यात घर घेणं आणि दुरुस्त करणं दोन्ही बसवायचं होतं. कर्जासाठी दोन बँकांत गेलो. मातीत बांधलेल्या जुन्या कौलारू घरावर कर्ज द्यायला दोन्हीकडे नकार मिळाला. तुम्हीही असं घर घेणार असाल तर रोख हातात आहे तेवढंच आपलं, असं धरून चाला.

कोकणातलं मातीत बांधलेलं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर शंभर वर्षं टिकतं, पण पाणी त्याला दहा वर्षांत खाली बसवतं. म्हणून घर बघताना रंग, फरशी, खिडक्या यांकडे मी बघतच नाही. खाली लिहिते त्या गोष्टी बघते.

आड्याकडे आधी बघा. घराच्या टोकाला उभं राहून छपराच्या माथ्याची ओळ डोळ्याने सरळ आहे का ते पाहायचं. मधे झोळ दिसला तर आतली तुळई किंवा खांब दबलाय. मग आत जाऊन माळ्यावर चढायचं, सोबत बॅटरी आणि एक जाडसर पेचकस. वासा मधे चांगलाच दिसतो, कुजतो तो टोकाला, जिथे तो भिंतीवर टेकतो तिथे. पेचकस टोकात दाबून बघा. सागवान किंवा किंजळ असेल आणि चांगलं असेल तर जेमतेम ओरखडा उठतो. कुजलेलं असेल तर पेचकस पेरभर आत जातो. हाताने ठोकल्यावर बद्द आवाज आला तर आतून वाळवीने पोखरलंय. आमच्याकडे एकूण बेचाळीस वासे होते, त्यातले अकरा असे निघाले. सगळे मागच्या पाख्यातले.

मग भिंती. भिंतीवरचा ओलीचा डाग वरून खाली आलाय की खालून वर चढलाय, हे नीट बघा. वरून आलेला डाग कौल सारखं केलं की जातो. खालून चढलेली ओल जोत्यातून, म्हणजे घराखालच्या चौथऱ्यातून, येते, तिला खर्च जास्त. भेगांचं तसंच. उभ्या बारीक भेगा जुन्या घरात असतातच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि एक रुपयाचं नाणं आत जाईल इतकी रुंद भेग असेल तर पाया खचलाय की काय, हे तपासायला हवं. आमच्या सुतारकाकांनी मला एक साधी गोष्ट शिकवली. भेगेवर आडवी चुन्याची टिकली लावायची आणि शेजारी पेन्सिलने तारीख लिहायची. दोन महिन्यांनी टिकली अख्खी असेल तर भेग जुनी आहे आणि थांबलेली आहे. तडकली असेल तर घर अजून हलतंय. मी जुलैत तीन ठिकाणी टिकल्या लावल्या आणि सप्टेंबरात जाऊन बघितल्या. तिन्ही शाबूत होत्या. तोवर मी एक रुपयाही दिला नव्हता.

घराच्या मागे डोंगर असेल तर पावसात घरामागे जाऊन उभं राहायलाच हवं. कोकणात बहुतेक घरं उतारावर, मागची बाजू खणून बसवलेली असतात. डोंगराचं पाणी मागच्या भिंतीला येऊन भिडतं आणि तिथे चर बुजलेला असेल तर ते जोत्याखाली शिरतं. आमच्याकडे नेमकं तेच होतं. मागच्या बाजूला वीसेक वर्षांचा पाचोळा आणि माती साचून दीड फुटाचा थर झाला होता.

एक अनुभवी सुतार सोबत न्या. त्याला दिवसाची मजुरी द्या, चहापाणी द्या, आणि मालकासमोर त्याला काही विचारू नका. परतताना रस्त्यात विचारा. आमच्या काकांनी गाडीत बसल्यावर सांगितलं, "पुढचं पाखं माझ्यानंतर पण राहील. मागचं सगळं काढायला लागेल. भिंतीला हात लावू नका." या तीन वाक्यांवर मी भाव केला.

कागद

कागदांच्या बाबतीत मी एकदा हात पोळून घेतला होता, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. या घराच्या आधी दुसऱ्या गावात आम्ही एका घराचा पंचवीस हजार रुपये इसार देऊन बसलो होतो. चार भाऊ सही करायला तयार. पाचवी बहीण लग्न होऊन गेलेली, "तिचा काही प्रश्न नाही" असं सगळे म्हणत होते. वकिलांनी विचारलं, तिचं हक्कसोडपत्र नोंदवलंय का? नव्हतं. वडिलोपार्जित घरात मुलीचा हिस्सा मुलाएवढाच असतो, २००५च्या दुरुस्तीनंतर तर त्यात शंकाच नाही. बहीण सही द्यायला तयार नव्हती आणि तिचं मला काही चूक वाटलं नाही. आमचा इसार परत मिळायला सात महिने लागले. तेव्हापासून माझा नियम असा की सगळे वारस, मुली धरून, कागदावर मोजल्याशिवाय इसार द्यायचा नाही. मृत्यूचे दाखले, वारसाचा फेरफार आणि नावांची यादी शेजारी शेजारी ठेवून एकेक नाव जुळवायचं.

घर कुठल्या जमिनीवर उभं आहे हा दुसरा प्रश्न. गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा म्हणजे नमुना आठ मिळतो, पण ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नका. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत आता मिळकत पत्रिका मिळते, ती असेल तर मागा. कोकणात मात्र पुष्कळ घरं गावठाणाबाहेर वाडीत, शेतजमिनीवर आहेत. मग सातबारा बघायचा आणि त्यातला "इतर हक्क" हा रकाना सगळ्यात आधी वाचायचा. कुळाचं नाव, बोजा, कुणाचा तरी वहिवाटीचा हक्क, सगळं तिथे असतं. शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात तुम्ही स्वतः शेतकरी असावं लागतं. मोठ्या जमिनीतला तीन-चार गुंठ्यांचा तुकडा तोडून घेत असाल तर जमिनीचे लहान तुकडे पाडायला अटकाव करणारा तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो. समुद्राच्या भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरच्या आत घर असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, नियम लागतात आणि दुरुस्तीलाही आधी विचारून घ्यावं लागतं. हे सगळे प्रश्न तालुक्याच्या ठिकाणच्या वकिलाला विचारा, शहरातल्या नको. त्याला त्या गावातले सर्व्हे नंबर आणि भाऊबंदक्या दोन्ही ठाऊक असतात. मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, या दोन्हींवर पैसे वाचवू नका.

खरेदीखतात तीन गोष्टी शब्दांत लिहून घ्या: वाट, विहीर आणि झाडं. आमच्या घरापर्यंत रस्त्यापासून पाखाडी, म्हणजे पायवाट, आहे आणि ती दुसऱ्याच्या आगरातून, म्हणजे बागेतून, येते. विहीर तीन घरांत सामाईक आहे. अंगणातला रातांबा आमचा आणि कुंपणाजवळचा फणस शेजाऱ्यांचा. तोंडी सगळे हो म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. पण पुढच्या पिढीला ते बोलणं ठाऊक नसतं.

घर बाईच्या नावावर घेतलं तर १ एप्रिल २०२१पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आमचं घर माझ्या नावावर आहे. शुल्क खरेदीची रक्कम आणि सरकारी मूल्यांकन यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं, हे आधीच धरा. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार.

सौदा ऑगस्टमध्ये ठरला, नोंदणी दसऱ्यानंतर झाली. मालकांच्या आईने एकच मागितलं, यंदाचा गणपती या घरात बसू दे. त्या वर्षी १० सप्टेंबरला चतुर्थी होती. ताडपत्रीखाली गणपती बसला, सगळं कुटुंब ठाण्याहून आलं, आम्हालाही आरतीला बोलावलं. आजींनी मला देवघराचा कोनाडा दाखवला आणि कुठल्या भिंतीला पूर्वी ओल यायची तेही सांगितलं. विकणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर बसा. घराचं दुखणं त्यांना जितकं ठाऊक असतं तितकं कुणालाच नसतं.

कामाचे महिने

कोकणात घराचं काम वर्षभर होत नाही. जून ते सप्टेंबर पाऊस, तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. जुलैत लावणी, ऑक्टोबरात भातकापणी, त्याच्या आधी गणपती. मार्चमध्ये शिमगा आणि लगेच आंब्याचा हंगाम. गडीमाणूस मिळायचा खरा काळ दिवाळी ते शिमगा, म्हणजे चार महिने. आम्ही काम दोन हंगामांत वाटलं. पहिल्या हंगामात छप्पर, पाणी आणि वीज. मधला पावसाळा नुसता घर बघण्यात घालवला. दुसऱ्या हंगामात भिंती, संडास-न्हाणीघर आणि स्वयंपाकघर. एका हंगामात सगळं उरकायला गेलात तर घाईत चांगलं लाकूड फेकलं जातं.

दुरुस्ती रोजावर करून घ्या, नवं बांधकाम उक्तं, म्हणजे कामाची एकूण रक्कम ठरवून, द्या. हे माझं ठाम मत झालंय. उक्तं काम घेतलेल्या माणसाला जुना वासा तासून, त्याचं कुजलेलं टोक कापून नवा जोड देण्यापेक्षा अख्खा नवा टाकणं सोपं पडतं. काकांनी आमच्या अकरापैकी सात वाशांची टोकं कापून जोड दिले, चारच नवे लागले. त्यांचा रोज नऊशे होता, हाताखालच्या गड्याचा पाचशे.

छप्पर

सगळं छप्पर एकदम उघडू नका. एक पाखं काढायचं, पूर्ण करायचं, मग दुसरं. डिसेंबरातही एखादी सर येते आणि उघडी मातीची भिंत एका रात्रीत ओघळते.

उतरवलेली कौलं आडवी रचू नका, खालची फुटतात. भिंतीला टेकून उभी लावायची. प्रत्येक कौल झाडूने घासून, बोटाने टिचकी मारून बघायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बसका आवाज आला तर त्यात चीर आहे. आमच्या जवळजवळ दोन हजार कौलांतली साडेचौदाशे परत वापरता आली. उरलेली जुन्या बाजारातून, म्हणजे गावात एका घरावर स्लॅब पडत होता तिथून, बारा रुपयांना एक अशी घेतली.

इथे एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. मंगलोरी कौल म्हणजे सगळी सारखी असं आपण धरतो. मंगळूरला बासेल मिशनने १८६५मध्ये पहिला कारखाना काढला, त्यानंतर किनाऱ्यावर असे पुष्कळ कारखाने निघाले आणि प्रत्येकाच्या साच्यात थोडा फरक. कौल उलटं केलं की पोटाला कारखान्याचं नाव उठवलेलं दिसतं. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांच्या खाचेत नीट बसत नाहीत, आणि बसली नाहीत की तिथून पाणी येतं. म्हणून नावं बघून ढीग वेगळे करा. एका पाख्यावर एकाच कारखान्याची. आम्ही विकत घेतलेली सगळी मागच्या पाख्यावर एका बाजूला सलग लावली. रिपा, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या, मारण्याआधी त्याच ढिगातली चार कौलं प्रत्यक्ष ठेवून अंतर घ्या, मापाची पट्टी नंतर.

वारा कौल उचलतो ते कडेने. म्हणून वळचणीच्या दोन ओळी आणि दोन्ही बाजूंच्या कडा तांब्याच्या तारेने रिपांना बांधून घेतल्या. समुद्राच्या हवेत साधी लोखंडी तार दोन पावसाळेही काढत नाही. वासे जिथे भिंतीवरच्या पाटाला बसतात तिथे जाड गॅल्व्हनाइज पट्ट्या मारल्या. निसर्गमध्ये आमच्या वाडीत जी छपरं गेली, ती बहुतेक नुसत्या वजनावर ठेवलेली होती.

नव्या लाकडाला आणि जोडांना बसवायच्या आधी काजूच्या टरफलांचं तेल दोन हात दिलं, टोकांना तीन. वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. हातमोजे घालूनच लावा, कातडी भाजते. जमिनीलगतच्या वाळवीसाठी भिंत आणि जमीन यांच्या सांध्यात फुटाफुटावर भोकं पाडून इमिडाक्लोप्रिड हे वाळवीचं औषध सोडलं. विहिरीच्या बाजूची खोली मात्र मुद्दाम वगळली. ते औषध पाण्यात जायला नको.

भिंती

मागचा चर आधी मोकळा केला. दोन फूट खोल, तळाला दगड, उतार बाजूच्या वहाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे. खर्च मजुरीचाच. त्या एका कामाने पुढच्या जुलैत मागच्या खोलीची निम्मी ओल गेली. अंगणात जोत्यापर्यंत पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट करायचा मोह होतो, चिखल नको म्हणून. तसं केलं तर मातीत जिरणारं पाणी भिंतीकडे वळतं. जोत्याभोवती हातभर जागा खडीची मोकळी ठेवा.

आता माझी चूक सांगते. पहिल्याच हंगामात बाहेरगावच्या एका गवंड्याने मला पटवलं की मागच्या खोलीला आतून सिमेंटचा गिलावा केला की ओल कायमची बंद. अकरा हजार रुपये गेले. पावसाळ्यात तो गिलावा फुगला, आणि ओल खालून तीन फुटांवर होती ती पाच फुटांवर चढली. जांभा पाणी पितो आणि सोडतो. मातीत बांधलेली भिंत श्वास घेते. वरून सिमेंटने बंद केली की आत शिरलेलं पाणी निघायला जागा शोधत वर चढतं. दुसऱ्या हंगामात तो सगळा छिनीने काढला, भिंत दोन महिने उघडी वाळू दिली आणि चुन्याचा गिलावा केला.

चुना तुम्हालाही करता येईल, फक्त धीर हवा. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विरवायची. पाणी उकळतं, म्हणून चुन्यावर पाणी ओतू नका, पाण्यात चुना हळूहळू सोडा, डोळ्यांवर चष्मा हवाच. मग पंधरा दिवस तरी पाण्याखाली मुरू द्यायचा. गाळून घेतलेल्या एक भाग चुन्याला तीन भाग धुतलेली वाळू. भिंत आधी ओली करून पातळ थर द्यायचे, एकावर एक, मधे दिवस सोडून. नंतर आठवडाभर ओली गोणपाटं टांगून ठेवायची. उन्हात भराभर वाळला तर भुकटी होऊन गळतो. वर रंग म्हणून चुन्याचीच सफेदी. प्लास्टिकचा डबाबंद रंग लावलात तर सगळी मेहनत फुकट जाते.

संडास आणि न्हाणीघर जुन्या घराच्या आत घालू नका. मातीच्या भिंतीतून पाण्याचे पाइप नेले की एखादा सांधा गळतो आणि कळतं तेव्हा कोपरा बसलेला असतो. आम्ही मागच्या पडवीला लागून वेगळं बांधलं, वर पत्र्याचं छत, त्यामुळे रात्री भिजायला होत नाही. दोन खड्ड्यांचा शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फुटांपेक्षा लांब. विजेचं सगळं जुनं काढून नवं केलं. वायरी भिंतीत न खोदता केसिंग पट्टीतून नेल्या. अर्थिंगचा खड्डा मात्र नीट करून घ्या, मे महिन्यात जांभ्याची जमीन पार कोरडी होते तेव्हा त्याची परीक्षा असते.

हिशेब असा झाला. घर ५,८०,०००. मुद्रांक, नोंदणी, वकील, नोटीस मिळून ४३,०००. छप्पर १,६२,०००. चर आणि जोतं ३८,०००. भिंती ७१,०००, त्यात ते वाया गेलेले अकरा हजार धरून. वीज ४६,०००. संडास-न्हाणीघर ८८,०००. वाळवी ९,०००. स्वयंपाकघर ३४,०००. येणं-जाणं आणि मजुरांचं जेवणखाण २७,०००. एकूण १०,९८,०००. जमीन अजून माजघरात शेणाचीच आहे, ओटीवर जुना कोबा आहे, माळ्याला हात लावलेला नाही. ते राहिलं तरी घर पडत नाही, म्हणून ते शेवटी.

घराच्या मागे साठ कौलं उभी रचून ठेवलीत, त्याच कारखान्यांची. वानरं दरवर्षी दहा-पंधरा फोडतात. २० मेच्या सुमारास काका येतात, एक दिवस कौलं चाळतात, पन्हळीतला पाचोळा काढतात, मी खालून चर साफ करते. मग पहिला जोराचा पाऊस आला की बॅटरी आणि वही घेऊन माळ्यावर चढते आणि प्रत्येक खोलीवर पाच-पाच मिनिटं बसते.